समेटाच्या कागदावर बाईचीही सही हवी

गावातली नि गल्लीतली भांडणं, आणि ती मिटवताना बायकांच्या वाट्याला येणारं काम, या विषयावर सातारा-सांगलीकडून बरीच पत्रं आली. त्यांतल्या सहा प्रश्नांना आमच्या सल्लागारांनी, म्हणजे ग्रामपंचायत कायदा जाणणाऱ्या वकील आणि बचत गटांच्या प्रशिक्षिका यांनी, मिळून उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : गावातले तंटे गावातच मिटवणाऱ्या तंटामुक्त समितीच्या यादीत आम्हा सहा जणींची नावं आहेत. बैठकीचा निरोप एकदाही येत नाही. तंटा मिटला की रजिस्टर घरी पाठवतात आणि सही मागतात. भांडण पेटलं की मात्र "जरा तिच्या आईला समजवा" म्हणून आम्हालाच पुढे करतात. काय करावं? (कोरेगाव तालुका)

उत्तर : ज्या बैठकीला तुम्ही बसला नाहीत, तिच्या रजिस्टरवर सही करू नका. तुमच्या सहीचा अर्थ असा होतो की दोन्ही बाजू तुमच्यासमोर बोलल्या आणि लिहिलेल्या अटी तुम्ही ऐकल्या. उद्या एक बाजू कोर्टात गेली, तर "बाईंनो, काय ठरलं होतं?" हा प्रश्न तुम्हालाच येईल.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, त्यामुळे आपल्या भागात ही मोहीम घराघरांत माहीत आहे. समिती नेमते ग्रामसभा. म्हणजे समितीची वागणूक बदलायची तर वाटही ग्रामसभेतूनच जाते, अध्यक्षांच्या ओसरीवरून नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हावी लागते. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते : शिपाई वही घेऊन फिरतो आणि दारात उभ्या असलेल्या बाईची सही घेतो. ती सभा खरोखर भरवून घ्या. ग्रामसेवकांना (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात विषय नेमका लिहा, "महिलांच्या अडचणी" असं मोघम नको. ठरावाचा मजकूर असा ठेवता येईल :

"तंटामुक्त समितीच्या प्रत्येक बैठकीची लेखी सूचना सर्व महिला सदस्यांना किमान तीन दिवस आधी द्यावी. किमान दोन महिला सदस्य हजर असल्याशिवाय तडजोडनामा लिहू नये. बैठक सकाळी अथवा दुपारी, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत घ्यावी."

शेवटचं वाक्य गाळू नका. रात्री नऊला पारावर बैठक ठेवली की बाई आपोआप बाहेर राहते. चुलीवर भाकरी असते, पोरं झोपायची असतात आणि पारावरच्या दोघांच्या तोंडाला वास येत असतो.

महिला सभेचा ठराव लगेच येणाऱ्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आलाच पाहिजे. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती न भरल्यामुळे सभा तहकूब झाली, तर तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिथे नवा विषय घुसवता येत नाही. म्हणून आधीच्या नोटिशीतच तुमचा विषय छापून आला की नाही, ते फलकावर जाऊन वाचा. चाळीस-पन्नास जणी एकत्र येऊन बसा, विषय पुकारेपर्यंत उठू नका, आणि इतिवृत्त लिहून झालं की ते मोठ्यानं वाचायला लावा.

सरपंच बाई असतील तर सभेच्या अध्यक्ष त्याच. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. "सरपंचपती" हे पद कोणत्याही कायद्यात नाही. ते उत्तर द्यायला उठले तर "उत्तर सरपंचांनी द्यावं" एवढंच म्हणा, शांतपणे, दर वेळी. पाचव्या वेळेला त्या बाई स्वतः बोलतात.

तंटे गावात मिटवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारनं १९४३ ते १९४६ या काळात न्यायदान मंडळं चालवली, आणि त्या चळवळीत बायकांनी निरोप, शस्त्रं, भूमिगतांची जेवणं असं सगळं जोखमीचं काम केलं. जोखीम घ्यायला बाई चालते, मग न्याय द्यायला का चालू नये? हा प्रश्न ग्रामसभेत बेलाशक विचारा.

प्रश्न : आमच्या बचत गटात बारा जणी. त्यांतल्या दोघी सख्ख्या जावा. सरी सोडताना थोरल्यानं बांध कोरला म्हणून धाकट्यानं त्याची पाइपलाइन फोडली. आता दोघी गटाच्या बैठकीला येत नाहीत आणि हप्ते थकले आहेत. आम्ही मध्ये पडावं का? (वाळवा तालुका)

उत्तर : पडा, पण आधी गटाचा पैसा आणि शेताचा बांध यांची फारकत करा. "हप्ता भरला नाहीस तर तुझ्या बाजूनं बोलणार नाही" असं एकीच्याही तोंडून निघालं, तर तुम्ही सावकार झालात. मध्यस्थी तिथेच संपते.

भावकीतल्या नसलेल्या दोघी निवडा. दोन्ही घरी वेगवेगळ्या वेळी जा, शक्यतो एकाच दिवशी, म्हणजे "आधी तिच्याकडे गेलात" हे ऐकावं लागणार नाही. अर्धा-पाऊण तास फक्त ऐका. ती सांगेल ते वहीत लिहा आणि उठण्याआधी वाचून दाखवा. "असंच म्हणायचं होतं ना, वहिनी?" एवढ्यानं निम्मा ताप उतरतो, कारण तोवर तिचं कुणी सलग ऐकलेलंच नसतं. मग दोनच प्रश्न विचारा : तुला नक्की काय हवं आहे, आणि काय झालं तर तू बांधावर पुन्हा पाय ठेवशील?

बांधाच्या भांडणात वर दिसतो तो बांध आणि खाली चार गोष्टी दडलेल्या असतात : विहिरीतला हिस्सा, पाण्याची पाळी, आईला कोण सांभाळतं आणि बहिणीचं हक्कसोडपत्र. पुरुष बांधावर बोलतात, जावा बहुधा पहिल्या बैठकीतच बाकीचं सांगून टाकतात. म्हणून त्या दोघींना बाजूला ठेवून केलेला समेट पुढच्या नांगरटीपर्यंतच टिकतो.

आता बैठक. जागा दोघांपैकी कुणाची पडवी नको. वेळ सकाळची, आणि शेताला वीज असते ती पाळी टाळून. नाहीतर एकाचं लक्ष मोटारीकडे राहतं. माणसं सातच्या वर नकोत. दोघी जावा आपापल्या नवऱ्याशेजारी, त्याच सतरंजीवर. उंबऱ्याआड बसलेली बाई समेटात नसते. अठरा वर्षांवरचे मुलगे हवेतच, कारण बापांनी मिटवलेलं मुलगे मोडतात. मोबाइल एका पिशवीत. व्हिडिओ काढला की माणूस समोरच्याशी न बोलता गावाशी बोलायला लागतो.

पहिल्या बैठकीत हद्द कुणाची यावर वादच नको. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस गेली आहे ना, ते पाहा. एकालाही ती मिळाली नसेल तर तोच पुढे मोजणी मान्य नाही म्हणतो आणि फी वाया जाते. मोजणी होईपर्यंत तात्पुरती सोय करा : दोरी धरून फक्कीची रेघ मारा, दोन्ही बाजूंनी एकेक फूट सोडा, त्यात ना सरी ना नांगर. या सोयीला शेवटची तारीख घाला. फुटलेली पाइपलाइन तेवढी त्याच आठवड्यात जोडून घ्या. वाळणारा ऊस कुणालाही शांत बसू देत नाही.

कागदावर काय हवं? तारीख, जमिनीचा गट नंबर, कोण काय करणार, कधीपर्यंत, खर्च कुणाचा आणि न केल्यास पुढे कुठे जायचं. दोन्ही जोडप्यांच्या चार सह्या, दोन साक्षीदार. प्रत दोन्ही घरांत, तिसरी समितीच्या रजिस्टरला. या कागदानं मालकी बदलत नाही. जमीन खरंच इकडची तिकडे होणार असेल तर नोंदणीकृत दस्त आणि फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) लागतो. दोघांच्या जमिनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या ताब्यात असतील तर सलोखा योजनेची चौकशी तलाठ्याकडे करा. २०२३ च्या जानेवारीत आलेल्या या योजनेत किमान बारा वर्षांचा ताबा असल्यास अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये आहे.

मध्यस्थी फसते ती बहुतेक तीन ठिकाणी. पहिलं, चारचौघांत माफी मागायला लावणं. माफी शेवटी, आपणहून आली तर घ्यावी. आधी ओढून काढली तर तिचा सूड निघतो. दुसरं, दंड. "पाच हजार देवळाला द्या", "यांच्याशी कुणी बोलायचं नाही" असं काही ठरवाल तर तुम्हीच गुन्ह्यात याल. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तिसरं, वेळ. वहिवाटीचा रस्ता किंवा पाणी अडवलं असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. बैठकांवर बैठका घेत ती मुदत घालवली तर ज्याचा रस्ता बंद झाला त्याचं तुम्ही नुकसान केलंत. अडवल्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि चौथ्या महिन्यात काही जमलं नसेल तर त्याला अर्ज करायला स्वतः सांगा.

कागद झाला म्हणजे काम झालं असं नाही. आठ दिवसांनी, महिन्यानं आणि पुढच्या नांगरटीच्या दिवशी बांधावर जाऊन या.

प्रश्न : सुनेला मारहाण होते. समितीनं तिला "एक संधी दे" म्हणून लिहून द्यायला सांगितलं. समितीतल्या बाईनंच आग्रह धरला. हे बरोबर आहे का? (खानापूर तालुका)

उत्तर : नाही. घरातली मारहाण हा दोन बाजूंचा तंटा नाही, तो मिटवायला घेण्याचा अधिकार समितीला नाही. बलात्कार, लहान मुलांवरचे लैंगिक गुन्हे, जातीवरून अत्याचार, हुंड्याचा छळ यांनाही हेच लागू. यातल्या एखाद्या बाबतीत "समेट" लिहून घेणारी माणसं गुन्हेगाराला वेळ मिळवून देतात. बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती दडवणं तर स्वतःच गुन्हा आहे.

समितीतल्या बाईचं काम वेगळं आहे. तिला त्या रात्री सुरक्षित जागी नेणं, ११२ किंवा १८१ ला फोन लावून देणं, सरकारी दवाखान्यात जखमांची नोंद करवणं, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली घटना अहवाल भरायला सोबत जाणं. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो, फोन १५१००. नांदायचं की नाही ते ती ठरवेल.

प्रश्न : सणासुदीला मोबाइलवर काहीतरी फिरतं आणि दोन तासांत दुकानं बंद होतात. आमच्या भागात दोन्ही समाज शेजारी राहतात. पुरुष शांतता समितीत जातात. आम्ही बायकांनी काय करावं? (मिरज)

उत्तर : तयारी सणाच्या महिनाभर आधी. तो दिवस उजाडल्यावर ओळख करून घेता येत नाही.

प्रत्येक गल्लीतून दोघी, अशा बारा ते सोळा जणींची यादी करा : अंगणवाडी ताई, आशा, बचत गटाच्या अध्यक्ष, शिवणकाम करणाऱ्या, मेसचे डबे देणाऱ्या. ज्यांच्या दारात दोन्हीकडच्या बायका रोज येतात अशाच. प्रत्येकीची जोडी समोरच्या समाजातल्या एकीशी लावा आणि दोघींनी एकमेकींचं घर पाहिलेलं असू द्या. यादी कागदावर छापून फडताळाच्या दारावर चिकटवा, कारण इंटरनेट बंद झालं की ग्रुप उपयोगाचा राहत नाही, साधा फोन लागतो.

मेसेज आला की ग्रुपवर काहीही न लिहिता जोडीदारणीला फोन. तीन प्रश्न : डोळ्यांनी कुणी पाहिलं? नक्की कुठे? किती वाजता? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक अफवा गळून पडतात. खोटं आहे हे सांगण्यासाठीसुद्धा तो मेसेज पुढे ढकलू नका, खुलासा मागे पडतो आणि चित्र फिरत राहतं. कुणाच्या नंबरवरून आला ते दिसेल असा स्क्रीनशॉट काढून पोलीस ठाण्यात द्या. आपल्या नात्यातल्या ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण ते आधीच शोधून ठेवा, आणि "फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील" अशी सोय त्याला तासाभरात करायला लावा.

दुसरं काम मुलांचं, आणि ते आईशिवाय कुणाला जमत नाही. चौदा ते वीस वयाची मुलं चौकाकडे निघतात ती बघायला म्हणून. यादीतल्या प्रत्येकीनं आपल्या गल्लीतल्या दहा आयांना फोन करायचा : "तुझा कुठे आहे? घरी बोलव, जेवायला बसव." मूल घरी आलं की तिनं उलट फोन करायचा. ज्या तीन-चार घरांतून फोन आला नाही, तिथे दोघींनी जायचं.

जमावबंदीचा आदेश निघाला असेल तर ती बायकांनाही लागू असते. पाचजणी चौकात जमू नका. आपापल्या ओट्यावर बसा, दारं उघडी ठेवा, दिवे लावा. उघडी दारं असलेल्या गल्लीत दगड उचलायला हात कचरतो. लाठ्या चालू झाल्यावर मध्ये जाऊन उभं राहणं हे तुमचं काम नाही.

आणि शांतता समितीत जाच. मिरवणुकीचा मार्ग, वाद्य कुठे थांबवायचं, कमान कुठे नि कशी, हे सगळं तिथे ठरतं. मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून दंगल झाली आणि ती सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत पसरली. उलट २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजानं जुलूस पुढे ढकलला; तो निर्णय आधी बसून झाला होता. पोलीस ठाण्याच्या निरीक्षकांना दहा जणींच्या सह्यांचं पत्र द्या आणि समितीत किमान चार महिलांची नावं मागा.

मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात मानाचा गलेफ (दर्ग्यात चढवायची चादर) चर्मकार समाजाचा असतो, कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत दोन्ही समाज मिळून उचलतात. हे मुलांना घरात सांगा, सण नसतानाही.

प्रश्न : दारूचं दुकान हेच आमच्या गावातल्या भांडणांचं मूळ आहे. मतदान घेऊन बंद करता येतं असं ऐकलं. (पाटण तालुका)

उत्तर : येतं. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी सह्यांनिशी मागणी करायची. उत्पादन शुल्क खातं सह्या तपासतं, मग गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद.

मेख इथे आहे : दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, आलेल्या मतदारांच्या नव्हे. यादीत ९०० बायका असतील तर सह्या २२५ आणि मतं ४५१. पाटण-जावळीकडचं निम्मं गाव मुंबईला, लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं तशीच, मयतांची तशीच. ही सगळी नावं तुमच्या विरोधात मोजली जातात. म्हणून अर्जाच्या आधी मतदार यादी घेऊन घरोघर बसा आणि नावं वगळण्याचे अर्ज भरा. सह्या नेमक्या २२५ नकोत, तीनशेच्या पुढे घ्या, तपासणीत काही गळतातच. मुंबईच्या बायकांना तारीख कळताच तिकीट काढायला सांगा.

दुकान फोडू नका. नुकसानीचा गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि महिनाभराची मेहनत तारखांत जाते. हातभट्टी या मतदानात येत नाही, तिच्यासाठी पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्याकडे लेखी तक्रार वेगळी करा.

प्रश्न : टँकर आला की घागरीवरून मारामारी. गेल्या उन्हाळ्यात एकीचं डोकं फुटलं. (माण तालुका)

उत्तर : टँकरच्या पाइपला थेट घागर लावणं बंद करा. भांडण तिथे जन्मतं, कारण पाणी जोरात असतं, वेळ थोडा असतो आणि ज्याच्या हातात पाइप तो मालक. टँकर आधी टाकीत किंवा विहिरीत रिकामा करा, टाकीला खालून चार तोट्या बसवा.

माणशी २० लिटर धरलं तर पाच जणांच्या घराला शंभर लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या सात घागरींना थोडं कमी. प्रत्येक घराला क्रमांक द्या. आज एकपासून सुरुवात झाली आणि पाणी चाळीसला संपलं, तर उद्या सुरुवात एक्केचाळीसपासून. हा एकच नियम काटेकोर पाळला तरी निम्मी भांडणं थांबतात, कारण शेवटची वस्ती रोज शेवटची राहत नाही. बाळंतीण, एकटी म्हातारी, अपंग यांचे डबे आधी भरून वेगळे ठेवा आणि त्यांची यादी सगळ्यांसमोर वाचा, म्हणजे वशिल्याचा संशय येत नाही. क्रमांक पुकारायला दर आठवड्याला दोन नव्या बायका, वेगवेगळ्या वस्तीतल्या.

खेप आली की आधी टाकीत काठी घालून पाणी मोजा, मग खेपेच्या वहीवर सही करा. अर्ध्या टँकरवर पूर्ण खेपेची सही झाली, तर कमी पडलेल्या पाण्यासाठी त्या दिवशी बायका एकमेकींचे केस धरतात.